भुताच्या घरात कोण राहतं?

मुलांना सुट्टी लागली की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवसभर भुताचे सिनेमे बघायचे आणि रात्र झाली की मोरीपर्यंतसुद्धा एकटं जायचं नाही! मग आई वैतागते आणि बंदी घालते. बंदी घातली की तोच सिनेमा शेजारच्या घरी, चादरीत तोंड खुपसून पाहिला जातो. भीती तीच, फक्त जवळ आपण नसतो.

म्हणून म्हणते, भुताच्या सिनेमाला सरसकट नाही म्हणू नका. निवडून द्या आणि शेजारी बसून बघा. त्यासाठी आज दोन सिनेमे सुचवते. शेवटही सांगणार आहे बरं का, कारण मुलांना माहीत नसला तरी आईला तो माहीत असलेला बरा.

पहिला आहे 'मॉन्स्टर हाऊस'. 2006 साली आलेला अमेरिकन ॲनिमेशनपट, गिल केनन यांनी दिग्दर्शित केलेला. डीजे, चाउडर आणि जेनी ही तीन मुलं. डीजेच्या समोरच्या घरात नेबरक्रॅकर नावाचा खडूस म्हातारा राहतो. अंगणात चेंडू पडला की तो जप्त, आणि मुलांच्या अंगावर आरडाओरडा. पुढे कळतं की ते घरच जिवंत आहे. दार म्हणजे जबडा, आतलं जाजम म्हणजे जीभ! पण तळघरात सापडतं ते म्हाताऱ्याच्या बायकोचं, कॉन्स्टन्सचं थडगं. ती अंगानं अवाढव्य. सर्कशीत पिंजऱ्यात ठेवून लोक तिला हसायचे. या माणसानं तिला तिथून सोडवलं, तिच्यासाठी घर बांधायला घेतलं. तिथंही मुलं येऊन तिला चिडवू लागली. त्या संतापात ती पायाच्या खड्ड्यात पडली आणि सिमेंटखाली गाडली गेली. घर झपाटलं ते तेव्हापासून. म्हातारा मुलांवर ओरडत होता तो त्यांना या घरापासून दूर ठेवण्यासाठी!

दुसरा सिनेमा आपल्याकडचा, 2008 सालचा 'भूतनाथ'. विवेक शर्मा यांचा हिंदी चित्रपट. तो ॲनिमेशनचा नाही, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा. गोव्यातल्या एका बंगल्यात छोटा बंकू आणि त्याची आई राहायला येतात. आई झाली आहे जुही चावला आणि बंगल्यातलं भूत म्हणजे अमिताभ बच्चन. बंकू भुताला भीतच नाही, उलट दोघांची गट्टी जमते. हे भूत म्हणजे त्या घराचे मालक, कैलासनाथ. मुलगा अमेरिकेत गेला आणि तिकडचाच झाला. म्हातारपणी एकटे राहिलेले वडील ज्या घराला जीव लावून होते, तेच विकायची भाषा त्यानं केली. शेवटी श्राद्ध होतं तेव्हा त्या जिवाला शांतता मिळते. ऑस्कर वाइल्ड या लेखकानं 1887 साली लिहिलेली कँटरव्हिलच्या भुताची गोष्ट या कथेच्या मुळाशी आहे.

एक घर अमेरिकेतलं, एक गोव्यातलं. पण दोन्हींत झपाटणारं कोण निघालं? एक हिणवलेली बाई आणि एक टाकून दिलेला बाप. म्हणजे भूत बाहेरून आलेलं नाही. आसपासच्या माणसांनी ते केलं.

आता सिनेमा दाखवायचा कसा, ते सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे दाखवूच नका, त्याला खरं-खोटं वेगळं करता येत नाही. मोठ्या मुलांना दुपारी दाखवा, रात्री झोपण्याच्या आधी नको. मूल घाबरलं तर आवाज बंद करा आणि तोच प्रसंग मुका दाखवा. निम्मी भीती गळून पडते, कारण घाबरवण्याचं काम संगीतच करत असतं. 'मॉन्स्टर हाऊस' कसा केला तेही सांगा. खऱ्या नटांच्या अंगावर खुणांचे ठिपके लावून त्यांच्या हालचाली संगणकात टिपल्या आणि त्यावर ही चित्रं चढवली. जादूचा खेळ कसा होतो ते कळलं की मुलांना करणाऱ्याचं कौतुक वाटतं, भीती राहत नाही.

रात्रीच्या आवाजांचंही असंच. आपल्या चोपड्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दिवसभर तापलेले पत्रे आणि जुन्या माडीचं लाकूड रात्री निवतं, आकसतं आणि कडकड वाजतं. ते पाऊल नव्हे. पडक्या वाड्यातून येणारी किंकाळी बहुधा गव्हाणी घुबडाची, जे आपल्या धान्याचे उंदीर खाऊन आपल्यावर उपकारच करतं. हे एकदा मुलांना घेऊन अंगणात बसून ऐका. आणि "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. मूल झोपतं खरं, पण भीती जागीच राहते.

एका गोष्टीचं मला फार नवल वाटतं. मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. एकदा मुलांना भुताचं चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी काय काढलं असेल? बाई! मोकळे केस, पांढरं लुगडं. हडळ, जखीण, चेटकीण, लावसट... आपल्या भाषेतली नावंच बघा ना, किती बायकांची! आणि पांढरं लुगडं कोण नेसायचं, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको.

हे फक्त चित्रातच राहिलं असतं तर ठीक. पण आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याचे, गावाबाहेर काढल्याचे प्रकार घडले आहेत. कुणाचं मूल दगावलं, कुणाचं जनावर मेलं की बोट दाखवायचं एकट्या बाईकडे. मैत्रिणींनो, हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर आधी वटहुकुमानं आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते असं पसरवून तिचं जगणं कठीण करणाऱ्याला या कायद्यानं सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार पोलिस ठाण्यात करता येते.

इतकं टोकाचं आपल्या गल्लीत कुठे होतं, असं म्हणाल. मान्य. पण प्रत्येक गल्लीत एक घर असतंच. तिथली म्हातारी बोलत नाही, चेंडू परत देत नाही. मुलं तिला चेटकीण म्हणतात, दारावर खडे मारून पळतात आणि आपण ओट्यावर गहू निवडता निवडता हसतो. सुरुवात तिथंच होते हो.

खरं तर आपल्या खानदेशाला गेलेल्या माणसांची भीती शिकवलेलीच नाही. आखाजीला आपण पितरांच्या नावानं घागर भरतो, वर डांगर ठेवतो, सांजोऱ्या आणि आमरस-पोळीचा घास काढतो. त्या दिवशी गेलेली माणसं पाहुणी म्हणून येतात आणि सासुरवाशिणी माहेरी झोके घेतात. त्या पितरांना कुणी भूत म्हणत नाही, कारण त्यांची आठवण ठेवणारं कुणीतरी असतं.

मुलांशी सिनेमानंतर बोलायचं ते हेच. "तू घाबरलास का?" असं विचारून थांबू नका. "ती बाई तशी का झाली? आधी कोण चुकलं? आपल्या गल्लीत असं कोण आहे?" असं विचारा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर उत्तर देतात.

आणि एक काम याच आठवड्यात करा. घरात वरण-बट्टी किंवा भरीत होईल तेव्हा त्या घरी एक वाटी पाठवा, आणि ती मुलांच्याच हाती पाठवा. पहिल्या दिवशी दार उघडणार नाही कदाचित. दुसऱ्यांदा पाठवा. आजींचं नाव काय, ते विचारून यायला सांगा. ज्या आजींचं नाव ठाऊक झालं, त्यांच्या दारावर मुलं सहसा खडे मारत नाहीत.