माशीचे घड्याळ उष्णतेवर चालते

लास वेगास शहरात ८ जुलै २००१ रोजी रात्री दहाच्या सुमारास कचरा टाकण्याच्या जागेत एका पुरुषाचा मृतदेह आढळला. या प्रकरणी अठरा वर्षांच्या एका तरुणीस अटक झाली. २००२ मध्ये आणि फेरखटल्यानंतर २००६ मध्ये पुन्हा ती दोषी ठरली. वास्तविक त्या दिवशी दुपारपासून ती पावणेतीनशे किलोमीटरवरील पनाका गावी होती, हे सरकार पक्षालाही मान्य होते. त्यामुळे खून पहाटे झाला असे मानणे खटल्यासाठी आवश्यकच होते.

मृतदेहावर माश्यांचे एकही अंडे नव्हते. या बाबीचा अर्थ सांगणारा कीटकतज्ज्ञ मात्र ज्युरीपुढे आला नाही. निळ्या-हिरव्या माश्या उन्हाळ्यातील दिवसाउजेडी रक्ताचा वास लागताच येतात, काही तासांत अंडी घालतात. अंधारात सहसा घालत नाहीत. तेव्हा मृत्यू बहुधा सूर्यास्तानंतरचा, अशी साक्ष तज्ज्ञांनी २०१७ मध्ये दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द झाली, आरोप मागे घेण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती तुरुंगाबाहेर पडली.

या निकालाने न्यायवैद्यक कीटकशास्त्राचे सामर्थ्य दिसले, तशी मर्यादाही. हाच मृतदेह कडाक्याच्या थंडीत अथवा संततधार पावसात सापडला असता, तर अंडी नसण्याला फारसा अर्थ उरला नसता. माशी बाहेरच पडली नसती.

अंडी, अळी, कोष या अवस्थांचा वेग मुख्यतः उष्णता ठरविते. ढोबळ उदाहरण घ्यावयाचे तर, दहा अंशांखाली वाढ थांबणाऱ्या प्रजातीला तीस अंशांत चोवीस तासांत जी उष्णता मिळते, तीच वीस अंशांत मिळण्यास अठ्ठेचाळीस तास लागतात. म्हणजे अळी तेवढीच, पण मृत्यूच्या अंदाजात पूर्ण दिवसाचा फरक. आरोपी त्या दिवशी कोठे होता, हा प्रश्न तेथेच फिरतो. त्यात अळ्यांची दाटी झाली की तिची स्वतःची उष्णता भोवतालापेक्षा दहा-वीस अंशांनी वाढू शकते. सावली, बंद खोली, मृतदेहाभोवती गुंडाळलेले प्लॅस्टिक हे घटक निराळेच. शिवाय कीटक सांगतात तो काळ किमान असतो. माशी पोहोचण्यास लागलेला वेळ त्यात नसतो. उलटतपासणीत नेमके हेच विसरले जाते.

घटनास्थळाचे तापमान नोंदविले नसेल, तर तज्ज्ञाला जवळच्या वेधशाळेच्या आकड्यांवर विसंबावे लागते. वेधशाळेतील आकडे मोकळ्या हवेतील. मृतदेह पत्र्याच्या खोलीत किंवा विहिरीत. म्हणून घटनास्थळी पुढील काही दिवस तापमान मोजून त्या आकड्यांशी ताडून पाहण्याची पद्धत आहे.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट आणि तेथील चित्रीकरण यांची तरतूद केली. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद स्वागतार्हच, परंतु कॅमेऱ्यात तापमान उमटत नाही. कोकणातील श्रावण आणि विदर्भातील मे यांत अळीचे वय एकाच मापाने मोजता येणार नाही. पथकाच्या पेटीत तापमापक हवा, काही अळ्या उकळत्या पाण्यात मारून मद्यार्कात जतन व्हाव्यात आणि काही जिवंत वाढवून प्रजाती ओळखली जावी. मृतदेह शवागारातील थंडीत किती तास होता, याचीही नोंद हवी. त्या काळात अळ्यांची वाढ मंदावते.