शहर निवडण्याआधी थोरल्या मुलाची इयत्ता बघा

आपल्या रायगड-रत्नागिरीच्या मुस्लिम घरांत परदेशी जाणं ही नवी गोष्ट नाही. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड, दापोली, मंडणगड, कुठलंही गाव घ्या. एकतरी माणूस सौदीत, कुवेतमध्ये किंवा दुबईत असणारच. पूर्वी प्रश्न एवढाच असे की घरातून कोण जाणार. बाप जायचा, पैसे पाठवायचा, दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. आता तरुण जोडप्यांना तसं जगायचं नाही, आणि ते चुकीचंही नाही. बायको-मुलं सोबत हवीत, असं ते म्हणतात. म्हणून प्रश्न बदलला आहे: कुटुंब न्यायचं, पण कोणत्या शहरात?

बहुतेक घरांत याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. एक, पगार कुठे जास्त. दोन, मामा किंवा चुलतभाऊ कुठे आहे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, नाही कोण म्हणतो? परक्या शहरात पहिल्या आठवड्यात विमानतळावर घ्यायला येणारा माणूस असणं ही मोठी नेमत आहे. पण आम्ही शिक्षक आहोत, आणि दर जूनमध्ये आमच्यासमोर परत आलेली मुलं बसतात. त्यांच्याकडे बघून आम्हाला वाटतं की पहिला प्रश्न तिसराच असायला हवा: घरातलं थोरलं मूल कितवीत आहे? बाकीचा हिशेब त्यावरून मांडावा.

आधी परवानगीचा हिशेब

नोकरीचा व्हिसा मिळाला म्हणजे कुटुंब नेता येईल असं नाही. प्रत्येक देशाची अट वेगळी आहे.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजाह, अबुधाबी, अजमान इथे, 2019 पासून कामाचा हुद्दा नाही तर उत्पन्न बघतात. महिना 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 दिरहम आणि राहायला घर, अशी अट आहे. कागदावर ती सोपी दिसते. पण 4,000 दिरहमात दुबईत दोन मुलांचं कुटुंब चालवून बघा म्हणजे कळेल. व्हिसा मिळणं वेगळं, महिना निघणं वेगळं.

कुवेतने कुटुंबाचे व्हिसा काही काळ बंदच ठेवले होते. 2024 मध्ये पुन्हा सुरू करताना 800 दिनार पगाराची अट घातली. दुकानात, गॅरेजमध्ये, ड्रायव्हरकीत असलेल्या आपल्या बहुतेक माणसांसाठी ते दार बंदच राहिलं, असं समजा.

सौदीत दार उघडं आहे, पण दारावर पावती फाडली जाते. जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल फी सुरू झाली. ती दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये 400 रियालवर गेली. बायको आणि तीन मुलं धरली तर महिन्याला 1,600, वर्षाला 19,200 रियाल. त्यात घरभाडं नाही, शाळा नाही, जेवण नाही. ही फी आली तेव्हा कितीतरी घरांनी बायका-मुलांना गावी परत पाठवलं, आणि त्यातली काही मुलं अर्ध्या शाळेतून आमच्या वर्गांत आली. कंपनी ही फी भरते का, हा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग नाही.

मग शाळेचा

शहरा-शहरात खरा फरक इथे पडतो. आखातातल्या भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या. आपलं मूल इथे उर्दू किंवा मराठी माध्यमात चौथी-पाचवीपर्यंत शिकलं असेल तर तिथे त्याला भाषा आणि विषय दोन्हीशी एकदमच झगडावं लागतं. पहिली-दुसरीतलं मूल हे निभावून नेतं. सातवी-आठवीतलं मूल गप्प होतं. घरी विचारलं तर "ठीक आहे" म्हणतं, आणि ते ठीक नसतं.

रियाध, जेद्दाह, दम्माम इथे भारतीय दूतावासाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल आहेत. बहरीनची इंडियन स्कूल तर 1950 पासून चालू आहे. मस्कत आणि ओमानच्या इतर शहरांतही भारतीय समाजाच्या शाळांचं मोठं जाळं आहे. या शाळा नफ्यासाठी काढलेल्या नाहीत, त्यामुळे फी आवाक्यात राहते. वर्ग भरलेले असतात, प्रवेशासाठी थांबावं लागतं, पण मध्यम पगाराच्या घराला त्या परवडतात.

दुबईचं गणित निराळं. तिथे भारतीय मुलं खासगी शाळेतच जातात, आणि शाळा जितकी नावाजलेली तितकी फी जास्त. तीन मुलं असतील तर फीचा आकडा घरभाड्याच्या बरोबरीला येऊन बसतो. म्हणून बरीच कुटुंबं शारजाह किंवा अजमानमध्ये राहतात आणि बाप रोज दुबईला जातो. भाडं वाचतं, खरं आहे. पण सकाळ-संध्याकाळचा तो रस्ता ज्यांनी बघितला आहे त्यांना माहीत आहे की वाचलेल्या पैशाची किंमत बाप रोज दोन-तीन तास गाडीत बसून देतो. मुलं उठायच्या आधी गेला आणि झोपल्यावर आला, तर कुटुंब सोबत नेऊन मिळवलं काय?

एक गोष्ट मात्र अमिरातीच्या बाजूने सांगायलाच हवी. तिथल्या खासगी शाळांत, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतसुद्धा, मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षण हा विषय सक्तीचा आहे आणि अरबीही शिकवतात. मकतबची वेगळी सोय शोधत फिरावं लागत नाही.

दहावी-बारावीची अडचण

हा भाग आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण घराघरांत तो उशिरा कळतो.

समजा मुलगी हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेली हवी. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, पण खासगी नोकरीवर आखातात गेलेल्या बापाच्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे दहावी दम्मामला झाली, बारावीसाठी मुलीला मुंबईत आणली, नीटमध्ये चांगले गुण मिळवले, तरी राज्याच्या 85 टक्के जागांच्या रांगेत ती उभी राहू शकत नाही. तिच्यासाठी सरकारी कॉलेजांत उरतो तो 15 टक्के अखिल भारतीय कोटा, जिथे सगळ्या देशाशी सामना. नाहीतर खासगी कॉलेजच्या एनआरआय जागा, ज्यांची फी ऐकून बापाची दहा वर्षांची बचत एका सहीत संपते.

इंजिनिअरिंगचं तसं नाही. तिथे आई-वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास कामी येतो. शिवाय एनआयटीसारख्या संस्थांत परदेशात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'दासा' ही योजना आहे, आणि तिच्यातल्या एक तृतीयांश जागा आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखलेल्या आहेत. त्यांना इथल्या विद्यार्थ्यांइतकीच शिकवणी फी लागते. आपल्या समाजातल्या किती पालकांना हे माहीत आहे? आमच्या अनुभवात फार थोड्या.

परत येणाऱ्या मुलांपुढे आणखी एक भिंत आहे, मराठीची. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिथे दुसरी भाषा म्हणून अरबी किंवा फ्रेंच घेतलेलं मूल नववीत येतं आणि मराठीच्या पुस्तकासमोर बावरतं. घरी अम्मी-अब्बा कोकणी किंवा उर्दू बोलतात, पण वाचायला-लिहायला मराठी कुणी शिकवलेली नसते. सुट्टीवर येताना बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं नेली आणि आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास वाचून घेतली तर ही अडचण निम्मी होते. खर्च काहीच नाही.

घरातल्या बाईचा दिवस

शहर ठरवताना पुरुष आपलं ऑफिस बघतो. पण चोवीस तास त्या शहरात राहते ती बाई. सासू-जाऊ-शेजारीण यांच्यात वाढलेली मुलगी सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर एकटी बसली तर तिच्या मनावर काय होतं, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. शारजाहसारख्या शहरात भारतीय कुटुंबं दाटीने राहतात, किराणा-दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर मिळतो. अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही कामाचा परवाना काढून बाईला नोकरी करता येते. बीएड, नर्सिंग, फार्मसी झालेल्या आपल्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. सौदीत 2018 पासून बायकांना गाडी चालवता येते, त्यामुळे तिथलं जगणंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

जेद्दाहची ओढ वेगळीच. मक्का शरीफ तिथून सुमारे 80 किलोमीटर. जुम्याला किंवा रमजानमध्ये मुलांना घेऊन उमऱ्याला जाता येतं, याचं मोल पैशात होत नाही. ज्यांना ही ओढ आहे त्यांनी ती हिशेबात जरूर धरावी. फक्त फी आणि शाळेचं पान कोरं सोडून धरू नये.

नोकरी गेली तर?

आखातात कितीही वर्षं राहा, सर्वसाधारण माणसाला नागरिकत्व मिळत नाही. राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला. अमिरातीने 2022 मध्ये नियम सैल केले. नोकरी सुटल्यावर थांबायची मुदत बऱ्याच गटांसाठी 60 ते 180 दिवस झाली, आणि अविवाहित मुलाला 25 वर्षांपर्यंत बापाच्या व्हिसावर ठेवता येऊ लागलं. तरी मूळ गोष्ट तीच राहते: एक दिवस परत यायचं आहे. 1990 मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावं लागलं. 2020 च्या कोविडमध्ये 'वंदे भारत' विमानांसाठी लोक रांगेत होते. ज्यांचं गावी घर शाबूत होतं आणि मुलांचे दाखले तयार होते, ते सावरले. म्हणून जन्मदाखला, शाळेचा दाखला, गुणपत्रिका यांवर दूतावासाचे शिक्के त्या-त्या वेळीच करून घ्यावेत.

ज्यांना परत यायचंच नाही त्यांनी आखात आणि पश्चिमेकडचे देश एका तराजूत तोलू नयेत. कॅनडात पीआर मिळालं तर बारावीपर्यंत सरकारी शाळा मोफत, मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं, इंग्रजीसाठी वेगळी मदत मिळते, आणि पाच वर्षांत 1,095 दिवस राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तिथे मिसिसागामध्ये मशिदी आणि हलाल दुकानं हाकेच्या अंतरावर, पण टोरोंटो परिसराचं भाडं कंबर मोडतं. कॅल्गरी, एडमंटनकडे घर स्वस्त, थंडी कडक, आपली माणसं कमी. शिवाय 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाने 2025 साठीचं उद्दिष्ट पाच लाखांवरून 3,95,000 वर आणलं, म्हणजे दार अरुंद होत आहे. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभारच मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 आणि मुलाला 776 पौंड. दोघं आणि तीन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा: 21,990 पौंड, आणि तेही आधीच भरायचे.

मग ठरवायचं कसं?

आमचं सरळ मत असं. थोरलं मूल दुसरी-तिसरीच्या आत असेल तर आखातात कुटुंब नेण्यासारखं चांगलं वय नाही. समाजाची शाळा असलेलं शहर निवडा, मग ते मस्कत असो की दम्माम, आणि सातवीनंतर काय करायचं ते निघण्याआधीच ठरवा. मूल पाचवी ते सातवीत असेल तर माध्यम तपासा. इंग्रजी माध्यमातलं असेल तर जाऊ द्या, नसेल तर आधी वर्षभर तयारी करून घ्या. मूल आठवी-नववीत असेल आणि डॉक्टर व्हायचं म्हणत असेल, तर शहर कोणतंही असो, त्याची दहावी-बारावी इथेच होऊ द्या. बाप आधी जाईल, आई थोडी वर्षं इथे थांबेल. हे कठीण आहे, मान्य. पण आपल्या आधीच्या पिढीने यापेक्षा कठीण काढलं आहे.

एक कोरा कागद घ्या. त्यावर पाच ओळी लिहा: कुटुंबाच्या व्हिसाची अट आणि फी, घरभाडं, सगळ्या मुलांची शाळा फी, बाईला कामाची आणि सोबतीची सोय, आणि थोरल्या मुलाच्या दहावीचं साल. ज्या-ज्या शहरात नोकरीची गोष्ट चालू आहे, त्या प्रत्येकासमोर आकडे भरा. हे एकट्याने भरू नका, बायकोला समोर बसवा आणि मोठ्या मुलालाही. रिझ्क अल्लाहच्या हातात आहे, यावर आपला ईमान आहे. पण उंट बांधून मग तवक्कुल करायला आपल्याला शिकवलं आहे, आणि दहावीचं साल आपल्याला आजच मोजता येतं.