यंदा काय सोडलंत?

आषाढी एकादशी जवळ आली की आमची आजी घरातल्या प्रत्येकाला विचारायची, "यंदा काय सोडलंस?" आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत काहीतरी वर्ज्य करायचे, हा आपला जुना रिवाज. व्रतांत तर महिनेही वाटून दिलेले आहेत : श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्ये.

१ जानेवारीच्या संकल्पांपेक्षा मला ही रीत शहाणपणाची वाटते. पहाटे चालायला जाईन, रोज दहा पाने वाचीन, हे सगळे संकल्प वेळ मागतात आणि तोच आपल्याकडे नसतो. सोडायला वेळ लागत नाही. उलट थोडा हाती उरतो. शिवाय चारच महिन्यांची मुदत, म्हणून मनही फारसे कुरकुरत नाही.

पण सोडायचे काय? आम्ही गोंयकार श्रावणात शिवराक होतो आणि चतुर्थीचे विसर्जन झाले की मासळीबाजार गाठतो. मीही त्यातलाच. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्यामुळे मासळीला वाढायला उसंत मिळते. आपल्या श्रावणाने घरात कोणाला उसंत मिळते, असा प्रश्न मला पडला.

म्हणून एका आषाढीला मी बायकोलाच विचारले, "मी काय सोडू?" ती म्हणाली, "जेवताना तो मोबाईल सोडा. बाबांनी तुमच्याशी बोलणं कधीच सोडलंय."

घास घशातच अडकला. बाबा काही सांगू लागले की मी स्क्रीनवरची नजर न काढता "हूं, हूं" करीत असे. ते कधी गप्प झाले, हे मला कळलेही नव्हते.

त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मोबाईल आतल्या खोलीत राहू लागला. पहिले आठ दिवस आम्ही दोघेही मुकाट जेवलो. नवव्या दिवशी बाबांनी अंगणातल्या फणसाचा विषय काढला. कार्तिकी उलटून गेली, तरी मोबाईल अजून आतच असतो. बाबा रोज बोलतात असेही नाही, पण बोलले तर मला ऐकू येते.

तेव्हा माझे एवढेच सांगणे : काय सोडायचे हे आपले आपण ठरवू नये. आपण नेहमी सोपे तेच निवडतो. आपल्या सवयीचा जाच ज्याला होतो, त्याला विचारावे. उत्तर कडू लागले, तर नेमकी तीच सवय सोडायची आहे असे समजावे.