बसायचं कुठे?

मराठी माणूस दारू पीत नाही, तो 'बसतो'. "काय, आज बसायचं का?" या प्रश्नाचा खुर्चीशी संबंध नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. हा शब्द ज्याने रूढ केला तो मोठा शहाणा माणूस असला पाहिजे. पेल्यात काय आहे हे दुय्यम. चार माणसांनी दोन तास निवांत बसणं हे मुख्य, हे त्याने ओळखलं होतं. आणि नेमकं तेच आमच्या नशिबी नाही. कारण आम्ही बसतो ते परमिट रूममध्ये.

परमिट रूम! नावावरूनच वाटतं, आत एखादा हेडक्लार्क बसला असेल आणि तो 'उद्या या' म्हणेल. काचांना काळी फिल्म, छताला तांबडा दिवा. समोरच्याचं तोंड नीट दिसू नये आणि बिलातली बेरीज तर मुळीच दिसू नये, इतका काळोख तिथे मोजूनमापून केलेला असतो. वेटर चखण्याची बशी अशी आदळतो की निम्मे शेंगदाणे शेजारच्या टेबलाला. गिऱ्हाईक दाराकडे पाठ करून बसतं, न जाणो मेव्हणा आत डोकावला तर! (मेव्हणा कोपऱ्यात आधीच बसलेला असतो, तेही दाराकडे पाठ करून.)

हेच बसणं, अशी माझी समजूत एका मित्राच्या लग्नापर्यंत शाबूत होती. गृहस्थ बावन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढले आणि उशीर झाल्याचं उट्टं म्हणून शनिवार-रविवार दोन दिवस कुलाब्यात सोहळा. शनिवारी संध्याकाळी 'संगीत' होतं. त्यात संगीत सोडून सगळं होतं. नवरदेवाचे मामा, वय पंच्याहत्तर, माझ्या कानाशी येऊन ओरडले, "चला हो, कान जागेवर आहेत तोवर समुद्र बघून येऊ!" गेटवेपाशी पोचतो तोच जूनच्या पावसाने गाठलं आणि आम्ही समोरच्या ताजमध्ये शिरलो. अंगावर लग्नाचे कपडे होते, म्हणून दरवानाने आम्हाला वऱ्हाडी न समजता माणसं समजून दार उघडलं.

आत हार्बर बार. १९०३ साली उघडलेल्या या हॉटेलात तो १९३३ पासून आहे, आणि मुंबई शहरातला बारचा पहिला परवाना, क्रमांक एक, त्याचा. पण मला परवाना दिसला नाही, मला खिडकी दिसली. चांगली मोठी, स्वच्छ काचेची, पलीकडे गेटवे आणि पाण्यात डुलणाऱ्या बोटी. कुणी पाठ करून बसलेलं नव्हतं. एक आजीबाई मुलासुनेबरोबर हळू आवाजात बोलत होत्या. मामा पहिला घोट घेऊन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी आतल्या खोलीत दार लावून दोन पेग घेतोय. तुमच्या मामींना ठाऊक नाही, असं मी धरून चालतो. आणि दाराबाहेर स्टुलावर काकडी चिरून ठेवलेली असते." थोड्या वेळाने ते पावसातच उठून गेले आणि मामींना घेऊन आले. मामींनी लिंबूसरबत घेतलं आणि पाऊण तास बोटी मोजल्या. त्या दोघांना असं समोरासमोर बसून गप्पा मारताना मी तरी प्रथमच पाहत होतो.

आता कायद्याकडे वळू. मोरारजीभाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा आहे तिथेच आहे. त्यामुळे महाराष्ट्रात आजही प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा थेट आजन्म. आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी! मुलगा १८व्या वर्षी सरकार निवडतो, २१व्या वर्षी लग्न करू शकतो, पण व्हिस्कीला २५ पूर्ण हवीत. म्हणजे संसाराची पहिली चार वर्षं त्याने शुद्धीवर राहून सोसावीत, असा सरकारचा आग्रह. आणि एवढं डोळे वटारून झाल्यावर हेच सरकार बाटलीमागे उत्पादन शुल्क मोजून घेतं.

तुम्ही म्हणाल, दारूने घरं बसली, त्याचं काय? बसली, अगदी खरं. गावोगाव बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून दुकानं बंद पाडली, त्या बायकांच्या बाजूनेच मी आहे. पण घरं बसली ती काळोखात पिणाऱ्यांची. उजेडात, चार ओळखीच्या डोळ्यांसमोर, समोर बायको बसलेली असताना तिसरा पेग मागवायला फार मोठं धैर्य लागतं. ते मामांना झालं नाही. माझ्यात तर ते मुळातच नाही.

राहता राहिला खर्च. ताजचं बिल पाहून मामांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा पाहिलं, आकडा तोच होता. तिथे रोज बसा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण उजेड आणि खिडकी ही काय फक्त श्रीमंतांची मिरास आहे? आमच्या नाक्यावरच्या परमिट रूमलाही रस्त्याच्या बाजूला भलीमोठी काच आहे, आणि रस्त्यापलीकडे एक सुंदर गुलमोहर आहे. तो आतल्या एकाही गिऱ्हाइकाने कधी पाहिलेला नाही. ती काळी फिल्म खरवडायला अर्धा तास पुरेल. मालकाने फक्त हो म्हणावं, ब्लेड मी घरून आणतो.