बोर्ड सपोर्ट नाही करत म्हणे!

परवा काशीमीरा नाक्याजवळच्या एका दुकानात हे वाक्य पुन्हा ऐकलं. एक काका 2008 च्या सुमाराचा डेस्कटॉप घेऊन आलेले, त्यात 4 टीबीची डिस्क हवी. नातवंडांचे फोटो, व्हिडिओ मावत नाहीत. दुकानदार म्हणाला, "बोर्ड सपोर्ट नाही करत, नवीनच घ्या."

दुकानदाराचं सोडा, त्याला मशीन विकायचंय. राग येतो आपल्या लोकांचा. दिवसभर ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर काम करायचं आणि घरी आल्यावर हेच ऐकून बाबांचं मशीन भंगारात द्यायचं! आधीच 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं. म्हणजे चालती मशिन्स टाकायला अजून एक निमित्त.

जरा आकडे बघा की राव. 528 एमबी, 8.4 जीबी, 137 जीबी, अशा भिंती मागेही होत्या. दरवेळी कारण एकच: सेक्टरचा पत्ता लिहायला ठेवलेली जागा कमी पडली. 137 जीबीची भिंत 28 बिटांच्या पत्त्याची, ती 2002 च्या एटीए-6 ने 48 बिट करून पाडली. आताची 2.2 टीबीची भिंत तर मुळात बोर्डाची नाहीच, ती एमबीआर नावाच्या पार्टिशन टेबलाची. तिथे सेक्टर नंबरला 32 बिट आणि सेक्टर 512 बाइटचा. करा गुणाकार. जीपीटी वापरा, प्रश्न मिटला. जुन्या बायोसवर विंडोज जीपीटी डिस्कवरून बूट होत नाही, लिनक्स होतं. ग्रबसाठी 1 एमबीचं एक पार्टिशन राखून ठेवायचं, बस्स.

आणि बायोसचं काम असतं किती? कर्नल मेमरीत येईपर्यंत. त्यानंतर लिनक्स बायोसला विचारतच नाही, स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डिस्कशी बोलतं. त्यामुळे बायोसच्या स्क्रीनवर डिस्कचा आकार चुकीचा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. /boot डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवा. काही बायोस मोठी डिस्क बघून पार गोंधळतात, तिथे जुन्या छोट्या डिस्कवरून बूट करा आणि नवीन फक्त डेटासाठी वापरा.

आता कोणी म्हणेल, जुनं मशीन वीज खातं. खातं, मान्य! चोवीस तास चालू ठेवायचं असेल तर नको. संध्याकाळी दोन तास फोटो बघायला काय बिघडतं? बोर्डावर फक्त आयडीई असेल तर मात्र पीसीआयचं साटा कार्ड घ्यावं लागेल, आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत का ते आधी बघा. त्या जुन्या खोक्यात खरी भीती त्याचीच, डिस्कच्या आकाराची नाही.

काकांना मी दुकानाबाहेर गाठून एवढंच सांगितलं की जुनी 160 जीबीची डिस्क काढून टाकू नका, तिच्यावरूनच बूट करू. रविवारी बोलावलंय.