शिस्तीचे नियम कोणी करावयाचे?

विदर्भातील शाळा उन्हाच्या कारणाने जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत बहुतेक ठिकाणी एक ठरावीक प्रसंग घडतो. पालकांची सभा भरते. मुख्याध्यापक नियमांचा कागद वाचून दाखवितात: वेळ, गणवेश, केस, गैरहजेरी, मोबाइल. वाचन संपले की हजेरीपत्रक फिरते, स्वाक्षऱ्या व अंगठे उमटतात, चहा होतो आणि मंडळी उठतात. प्रस्तुत लेखक यवतमाळ जिल्ह्यातील अशा काही सभांना हजर राहिला आहे. एका सभेत मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, कापसाच्या येचनीत पोरगी घरी राह्यली तर दंड कोन भरन?" सभेत हशा पिकला. उत्तर कोणीच दिले नाही.

वस्तुतः त्या सभेत विचारला गेलेला तेवढा एकच अर्थशास्त्रीय प्रश्न होता. नियम पाळण्याची किंमत कोणी मोजावयाची, असे त्या बाई विचारीत होत्या. वेचणीच्या हंगामात थोरली मुलगी धाकट्याला सांभाळावयास घरी राहिली नाही, तर आईचा रोज बुडतो. ज्या कागदावर त्या बाईंचा अंगठा घेतला गेला, तो लिहिताना हा हिशेब कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हता.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७व्या कलमाने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. १६व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. म्हणजे छडीही गेली आणि दाखला हातात देण्याची धमकीही गेली. हे योग्यच झाले. परंतु त्या जागी काय ठेवावयाचे, हे कायद्याने सांगितले नाही. सांगता येण्यासारखेही ते नव्हते. ते ठरविण्याचे ठिकाण मात्र २१व्या कलमाने निर्माण करून ठेवले आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान पाऊणपट सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. इतकी लोकशाही रचना आपल्याकडे फार थोड्या संस्थांच्या वाट्याला आली आहे. ही समिती बोलावली जाते ती बव्हंशी पोषण आहार, वर्गखोल्यांची दुरुस्ती आणि अनुदानाचा विनियोग यांसाठी. शिस्तीचा विषय पत्रिकेवर आलेला या लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.

शिक्षकांचे म्हणणेही ऐकून घ्यावयास हवे. हात उगारला तर तक्रार, न उगारला तर "सरांचा वचक नाही" हा शेरा, अशा कात्रीत ते सापडले आहेत. जनगणना, निवडणुका यांतून उरलेल्या वेळात त्यांनी शिकवावयाचे, आणि वर्गात गोंधळ झाला की जबाबदार तेच. एकट्या शिक्षकाने केलेला नियम मोडला तर तो शिक्षकाचा अपमान होतो, आणि मग रागाला वाट फुटते. तोच नियम पालकांच्या संमतीने झालेला असेल, तर मोडणाऱ्याला जाब विचारावयास शिक्षक एकटा उरत नाही. समितीत शिस्तीची चर्चा व्हावी यात शिक्षकाचा स्वार्थ पालकांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

दंडाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण छडी गेल्यापासून, विशेषतः खाजगी शाळांत, दंडाची आवड वाढलेली दिसते. इस्राएलमधील हैफा शहरातील काही पाळणाघरांत मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून पाहण्यात आला. ग्नीझी व रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. पूर्वी उशीर करताना पालकांना संकोच वाटे. आता ते पैसे मोजून निश्चिंत झाले. यवतमाळ शहरातील नोकरदाराच्या मुलाला वीस रुपयांचा दंड म्हणजे सवलतीचे तिकीट आहे. तोच दंड झरी-जामणी किंवा घाटंजीकडील मजुराच्या मुलाला दुसऱ्या दिवशीही शाळेत न येण्याचे कारण ठरतो.

अर्थशास्त्राचे नोबेल २००९ साली प्रथमच एका स्त्रीला मिळाले. त्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी गायराने, पाटाचे पाणी अशा सामायिक गोष्टी लोक कशा सांभाळतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. ज्यांना नियम पाळावयाचे आहेत त्यांना ते बदलण्यात वाटा असेल, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतील आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असेल, तेथे व्यवस्था टिकतात, असे त्यांना आढळले. वर्गातील शांतता हीदेखील पाटाच्या पाण्यासारखीच सामायिक गोष्ट आहे. एकाने फोडली की सर्वांचे नुकसान होते.

आता स्थानिक परिस्थिती म्हणजे काय, ते पाहा. कोलाम पोडावरून पहिलीत आलेले मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. गुरुजींची आज्ञा त्याला कळत नाही, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो! पुसद-उमरखेडकडील एखादे कुटुंब दसऱ्यानंतर कामासाठी बाहेरगावी जाते. त्या मुलाच्या गैरहजेरीला आणि चावडीवर गोट्या खेळणाऱ्या मुलाच्या गैरहजेरीला एकच कलम कसे लागू करणार?

यावर एक आक्षेप हमखास येईल. पालकांना विचारले तर तेच म्हणतील, "मारा, पण शिकवा." म्हणतीलही. ते स्वतः तसेच शिकले. हा लेखकही पालथ्या हातावर पट्टी खाऊनच पाढे शिकला, आणि पाढ्यांपेक्षा पट्टी अधिक लक्षात राहिली आहे. समितीला कायद्याच्या बाहेर जाता येत नाही, हे सभेच्या आरंभीच सांगितले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावातील वजनदार मंडळी समिती बळकावतात, आणि अध्यक्षपदासाठी ग्रामपंचायतीसारखी चुरस होते. म्हणूनच नियमांची चर्चा समितीपुरती न ठेवता वस्तीवस्तीवर न्यावयास हवी.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. जुलैमध्ये दोन सभा, त्याही संध्याकाळी, मजूर शेतातून परतल्यावर; एक शाळेत, दुसरी तांड्यावर किंवा पोडावर. नियम सात-आठच असावेत, आणि प्रत्येकापुढे तो मोडल्यास पहिल्यांदा काय, दुसऱ्यांदा काय, पालकांना केव्हा बोलवावयाचे, हे लिहिलेले असावे. शिक्षकांनी काय करावयाचे नाही, हेही त्याच कागदावर असावे. सहावी-सातवीच्या मुलांना त्या सभेत बसू द्यावे. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली ज्या नयी तालीमचा विचार झाला, त्या शिक्षणात मुले सफाई आणि स्वयंपाकाची जबाबदारी उचलीत होती. वर्गाच्या नियमांविषयी त्यांना दोन शब्द बोलता येणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही. नववी-दहावी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे हे काम पालक-शिक्षक संघाने करावे. खाजगी शाळांतील या संघांची आठवण २०११च्या शुल्क नियमन कायद्यामुळे फीच्या वेळी तरी होते; तीच मंडळी आणखी तासभर बसू शकतील.

आणि वेचणीच्या दिवसांतील गैरहजेरीचे कलम लिहिण्यापूर्वी मागच्या रांगेतील त्या बाईंना पुढे बोलवावे. धाकट्याला दुपारपर्यंत अंगणवाडीत ठेवता येते का, थोरलीला सकाळचे तीन तास तरी मिळतात का, हे त्यांच्याकडूनच कळणार आहे.