अनुभवाची फेरपडताळणी

लासलगावच्या बाजारपेठेत वजनकाट्याच्या पडताळणीत कोणा व्यापाऱ्यास अपमान वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि वजने दर दोन वर्षांनी वैधमापन खात्याकडून तपासून त्यांवर शिक्का घ्यावाच लागतो. काटा वीस वर्षे बिनतक्रार चालला, म्हणून त्यास सूट नाही. हाच न्याय माणसाच्या अनुभवाला लावावा काय, हा प्रश्न मात्र नाजूक आहे.

परिचारिकेचे उदाहरण घेऊ. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते; त्यासाठी या काळात १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित आहे. पुन्हा परीक्षा नसते. वीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेपुढे आज अकस्मात तीच प्रश्नपत्रिका ठेवली, तर अनेकींना ती जड जाईल. प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य हे सारे विषय विद्यार्थिनीला ताजे असतात. दहा वर्षे केवळ डायलिसिस कक्षात काढलेल्या परिचारिकेला ते तसे नसतात. उलट शोष पडलेल्या बालकाची शीर अचूक शोधणे, रुग्णाच्या श्वासातील बदल डॉक्टर येण्यापूर्वी ओळखणे, यांना प्रश्नपत्रिकेत गुण नाहीत.

म्हणून अनुभव पुरेसा आहे, असेही नव्हे. हृदय बंद पडलेल्या रुग्णास आधी कृत्रिम श्वास द्यावा व नंतर छाती दाबावी, असे पूर्वी शिकवीत. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम उलटा केला. ज्या हातांना जुन्या क्रमाची सवय जडली, त्यांच्या बाबतीत दीर्घ अनुभवच अडथळा ठरतो.

शिक्षकांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्रातील एका संस्थेच्या अपिलासह अनेक प्रकरणांवर १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल लागला. पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. निवृत्तीस पाच वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली. पदोन्नती हवी असल्यास परीक्षा अटळ. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा, असेही निकालात म्हटले आहे. पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या गुरुजींना त्यामुळे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

काट्याच्या पडताळणीत एक शहाणपण आहे. काट्याला त्याच्या घडणीविषयी प्रश्न विचारीत नाहीत; प्रमाणित वजन ठेवून तो काय दाखवितो, एवढेच पाहतात. माणसाचीही पडताळणी त्याच्या नित्याच्या कामात, पूर्वसूचना व तयारीला वेळ देऊन झाली, तर ती न्याय्य ठरेल. १५० तास केवळ प्रमाणपत्रे जमविण्यात गेले, तर शिक्का नवा आणि काटा जुनाच राहील.

येथे व्यापारी कुटुंबांचाही संबंध येतो. दवाखाने व शाळांच्या विश्वस्त मंडळांवर यांतीलच अनेकजण असतात. दान देताना यंत्राला व इमारतीला पसंती मिळते, कारण तेथे नावाची पाटी लागते. परिचारिकेला भरपगारी प्रशिक्षण-रजा आणि तिच्या जागी बदली कर्मचारी यांसाठी दिलेल्या रकमेची पाटी कोठेही लागणार नाही. तरीही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा खर्च आवर्जून घालावा. मध्यरात्री कोणाच्या घरचा रुग्ण त्या हातांत जाईल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.